आडावरची जाळी

मंगळवार, १६ जुलै १९७४. फी पंधरा रुपये. खोलीत हजर माणसं पाच: डॉक्टर, माझी सोळा वर्षांची मुलगी, तिची आई, मी, आणि दाराशी स्टुलावर बसलेला कंपाउंडर. जालन्याच्या मस्तगडात एका औषधाच्या दुकानावर ती खोली होती. डॉक्टर मनाच्या आजारांचे. दर मंगळवारी औरंगाबादहून सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. कंपाउंडर खालच्या दुकानातला. मंगळवारी तो वर बसून नंबर लावायचा, पैसे घ्यायचा आणि डॉक्टर गेले की केसपेपर कपाटात ठेवून कुलूप लावायचा.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मी दिली. होळीपासून ती अभ्यासाला बसत नाही. पहाटे तीनला जागी होते आणि छताकडं बघत पडते. भाकरी चतकोर खाते. केस चार चार दिवस विंचरत नाही. अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा मार्चात आहे. आमच्या वस्तीतून अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी, हेही मी सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असेन. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळेपासून ती एकटी आत येईल. तुम्ही जिन्यावर बसा."

"दोघंबी जिन्यावर?" बायकोनं विचारलं.

"दोघंही."

आम्ही इथवर सरळ आलो नव्हतो. आधी गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाची बारा इंजेक्शनं दिली. बायकोच्या मावशीनं परतूरकडचा एक जाणता माणूस सुचवला, लिंबाचा पाला घेऊन येणारा. छप्पन साली माझ्या वडलांनी घरातले देव पोत्यात भरून नदीला सोडले होते. मी मावशीला म्हणालो, "आमच्या उंबऱ्यात असलं काही येणार न्हाई." मावशी म्हणाल्या, "मंग पोरगी अशीच बसू द्या. पुस्तक वाचून दाखवा तिला." शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनीच हा मंगळवार सांगितला. विज्ञानाचा रस्ता म्हणून मी तो धरला, आणि धरला त्याचा मला अभिमान होता.

मी जमीन मोजणीच्या खात्यात. त्या वर्षी पगार तीनशे सत्तर रुपये. महिन्याचे चार मंगळवार म्हणजे साठ, गोळ्यांचे वेगळे. पैशाचं मला जड नव्हतं, पण दिलेल्या पैशाचं काय झालं ते कळलं पाहिजे अशी सवय हाडात गेलेली. साखळी टाकली की कड्या मोजायच्या, सांजच्याला आकडे जुळले पाहिजेत. जिन्यावर बसून मी घड्याळ बघायचो. २३ जुलैला ती आत पस्तीस मिनिटं होती. ३० ला चाळीस. दोन्ही वेळा बाहेर आली तेव्हा चेहरा गेली तेव्हा होता तसाच. दुसऱ्या वेळी मी आत जाऊन विचारलं, "काय बोलली?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"चाळीस मिनिटं काहीच न्हाई?"

"गप्प बसायलाही जागा लागते, साहेब. तिनं ती आज घेतली."

"पंधरा रुपये देऊन गप्प बसायचं तर घरी फुकट बसतीच की."

डॉक्टर हसले. पस्तिशीचे असतील, बोलणं शहरी, दात जरा पुढं. "घरी तुम्ही तिला विचारत राहता ना, का गप्प आहेस म्हणून? इथं कुणी विचारत नाही. त्याचे पंधरा."

मला ते उत्तर आवडलं नाही. जिना उतरताना मी बायकोला म्हणालो की माणूस बोलायला हुशार आहे. ती म्हणाली, "आवो, हुशार असू द्या की. बुद्दू पाह्यजे होता का?"

६ ऑगस्टला आतून हसण्याचा आवाज आला. आधी मला वाटलं खालच्या दुकानातून आला. मग बायकोनं माझा दंड धरला. आमची मुलगी हसत होती, थोडकं नाही, चांगलं मोठ्यानं, मध्येच श्वास घेऊन पुन्हा. मार्च ते ऑगस्ट, पाच महिने आमच्या घरात हा आवाज नव्हता. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मलाही बरं वाटायला पाहिजे होतं. मला जे वाटलं ते मी त्या दिवशी स्वतःलाही सांगितलं नाही; आता लिहितो. मला वाटलं, सोळा वर्षं मी हिला खांद्यावर घेतलं, पाढे शिकवले, नकाशावर रंग भरायला बसवलं, आणि ही हसली चौथ्या भेटीत एका परक्या माणसापुढं. कशाला हसली ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर ती मंगळवारी केस विंचरायला लागली. सोमवारी सांजच्याला इस्त्री मागायची. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "मंगळवार मंगळवार कुठं जाऊन राह्यले हो तुम्ही तिघं?" बायको सांगायची, "ताकदीचं इंजेक्शन." घरात मात्र मुलगी तेवढीच मुकी. येताना रस्त्यात मी विचारायचो, आज काय झालं? ती म्हणायची, "बोललो." एकदा मी लावून धरलं, तर थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, ते तिथलं तिथंच ठेवायचं ठरलंय. डॉक्टरांनी शब्द दिलाय. मीपण दिलाय."

"बापापासून लपवायचा शब्द?"

"तुमचं नाव नव्हतं त्यात. सगळ्यांपासून."

मंगळवार, २७ ऑगस्ट. ती पंचावन्न मिनिटं आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण मान वर. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं, तिच्यासमोरच. म्हणाले, "सध्या तिला एकटं ठेवू नका. दिवसा नाही, रात्रीही नाही. आई तिच्याजवळ झोपेल. गोळ्या तुमच्या ताब्यात राहतील. यात कसूर नको. कारण काय ते ती स्वतः तुम्हाला सांगणार आहे. तिनं दिवस ठरवलाय, तोवर थांबा. जास्त काही वाटलं तर थांबू नका, तार करा, मी येतो."

"कारण तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आहे."

"मंग मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच तिला सांगायचंय. मी सांगितलं तर तिचं सांगणं राहून जाईल."

आज हे वाक्य मला समजतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या लेकराच्या जिवाची काही गोष्ट आहे, ती या माणसाला माहीत आहे आणि मला नाही. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "त्यांनी सांगितलं तसं करू. मी हाय तिच्यापाशी." ती रात्रभर मुलीच्या अंगावर हात टाकून पडली. मी ओसरीत बसलो.

मोजणीला जायच्या आधी लगतच्या जमीनधारकांना नोटीस द्यावी लागते. अमुक तारखेला अमुक गटाची हद्द मोजली जाईल, हजर राहावे. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या बांधावर मी न कळवता साखळी टाकली असं एकदाही झालं नाही. अंबडकडं एका बागायतदारानं त्यासाठी माझ्या टेबलावर पन्नास रुपये ठेवले होते, ते मी चपराशाच्या देखत परत केले. आणि बुधवारी दुपारी, नोकरीच्या वेळेत, मी मस्तगडात जाऊन कंपाउंडरच्या हातात पाच रुपये ठेवले.

तो म्हणाला, "साहेब, डॉक्टरसायबाला कळलं तर माझी रोटी गेली. चार लेकरं हायेत मला."

"कळणार न्हाई. बघून लगेच देतो."

"जल्दी बघा मंग. आन् इथंच उभं राहून."

केसपेपर इंग्रजीत होता, अक्षर घाईचं. माझं इंग्रजी खात्यापुरतं. पण एक शब्द आमच्या नकाशांवर रोज येतो, विहिरीचा, आणि तो तिथं दोनदा होता. पुढं लिहिलं होतं की हे विचार मागच्या दहा दिवसांतले आहेत, ती स्वतःच त्यांना घाबरते आणि विहिरीजवळ जायचं टाळते. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. कंपाउंडर जिन्याकडं बघत होता. मी कागद परत दिला. त्या चार ओळी मी वाचल्या नाहीत.

आमच्या परसात आड होता. बहात्तरला आटला, दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा भरला. मी घरी आलो आणि त्याचं तोंड मोजलं. चार फूट तीन इंच. स्टेशन रोडला एक वेल्डिंगवाले मिस्त्री होते, त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "इतनी मोटी सळई? बकरी गिरती क्या साब?" मी म्हणालो, हो, शेळ्या पडतात. "ताला भी?" ताला भी. मजुरीसकट अठ्ठेचाळीस रुपये. शनिवारी दुपारी मुलगी आईबरोबर मावशीकडं गेली होती तेवढ्यात जाळी बसवून घेतली. बादली जाण्यापुरतं झाकण, त्याला कुलूप, किल्ली जानव्यासारखी माझ्या गळ्यात. जानवं आमच्यात नाही, पण तशी.

जाळी बसवली यात चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. ती बसायलाच पाहिजे होती.

संध्याकाळी ती आली, आई चूल पेटवेपर्यंत हातपाय धुवायला परसात गेली आणि परत आली नाही. मी मागं गेलो. ती आडापासून पाच पावलांवर उभी होती, हातात तांब्या.

"हे काय?"

"जाळी. शेजारच्या शेळ्या पडतात."

"एक तरी पडली का आजवर?"

मी गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सारली.

"कुलूप शेळ्यांसाठी?" तिनं तांब्या हळूच खाली ठेवला. "त्यांनी सांगितलं तुम्हाला."

इथं माझं एक वाक्य पाहिजे होतं. त्यांनी नाही, मी चोरून वाचलं. पाच शब्द. माझ्या तोंडून निघालं ते असं: "तुझ्या जिवापेक्षा कुणाचा शब्द मोठा न्हाई."

ते तिनं हो म्हणून ऐकलं. मला माहीत होतं की ती हो म्हणून ऐकेल.

"उद्या सांगणार होते मी," ती म्हणाली. "रविवारी. तुम्ही घरी असता म्हणून रविवार धरला होता. काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं होतं त्यांच्यासमोर बसून. ते म्हणाले होते, तू सांगेपर्यंत मी तोंड उघडणार नाही." मग तिनं ती वही आणली आणि चुलीत घातली. आई धावली तोवर पुठ्ठाही पेटला होता.

मंगळवारी, ३ सप्टेंबरला, ती मोठ्या मिनतवारीनं आली. आत चार मिनिटं. मग दार उघडलं आणि डॉक्टरांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. तिच्यासमोर त्यांनी विचारलं, "आडाला जाळी का बसवलीत? मी तुम्हाला काही बोललो होतो?"

कंपाउंडर दारात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आपल्या हातातल्या नंबरांच्या पत्र्याच्या बिल्ल्यांकडं बघत राहिला. चार लेकरं. मला ती आठवली हे खरं. पण ती नसती तरी मी बोललो असतो असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "तुम्ही काही बोलला न्हाईत. मला आपलं वाटलं, म्हणून बसवली."

हे उत्तर असं होतं की त्यावर कुणीही विश्वास ठेवू नये. मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "बघा. पढवून ठेवलंय तुम्ही त्यांना." डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काही कळलं असावं. नक्की काय ते कळायला त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. ते तिला म्हणाले, "मी सांगितलेलं नाही. तुला ते पटत नाही, तेही मला दिसतंय. पुढच्या मंगळवारी ये. भांडायला ये." ती उठली.

जिन्यावर ती मला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही बाबा. तुम्ही घाबरलात. मीच येडी, परक्या माणसापाशी पोटातलं ओतलं."

त्यानंतर ती मस्तगडात गेली नाही. म्हणाली, गोळ्या आणा, मी घेते, बोलायला नाही जायची. तार करायची वेळ आली नाही. आई सहा महिने तिच्याजवळ झोपली. गोळ्या मी मंगळवारी जाऊन आणायचो. डॉक्टर दर वेळी विचारायचे झोप कशी, खाणं कसं, आणि चिठ्ठी लिहायचे. कंपाउंडर मला नमस्कार करायचा. बायकोला मी खरं सांगितलं नव्हतं. तिनं शेजारणीला सांगितलं की तो डॉक्टर आतलं बाहेर सांगतो. शेजारणीच्या जावेची सून त्यांच्याकडं जायची, ती थांबली. मग आणखी कोण कोण थांबलं ते मोजायला मी गेलो नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी जालन्याला येणं बंद केलं. दुकानदार म्हणाला, गाडीभाडं निघत नव्हतं.

आणि घरात अशी गोष्ट झाली की मी ज्यासाठी इतके दिवस तळमळलो ते मला मिळालं. मुलगी माझ्याशी बोलायला लागली. आधी दोन शब्द, मग संध्याकाळी मी नकाशाला शाई लावत असलो की चहा घेऊन शेजारी बसायची. सगळं नाही सांगायची. वरवरचं सांगायची. आतलं तिनं त्या वहीबरोबर बंद केलं, ते आजवर कुणापुढं उघडलेलं नाही. तिनं त्या मार्चात परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली, पास झाली. आता आष्टीच्या शाळेत शिकवते. सव्वीस वर्षांची आहे. वर्षातून एखादा महिना तिचा वाईट जातो, तेव्हा रजा टाकून पडून राहते आणि कुणाला दार उघडत नाही. गेल्या साली तिच्या वर्गातली एक मुलगी तशीच गप्प झाली. आईबाप डॉक्टरकडं न्यायचं म्हणत होते. हिनं त्यांना सांगितलं, न्या, गोळ्या घ्या, पण पोरीला तिथं काही बोलू देऊ नका. हे तिनं मला जेवताना सांगितलं. मी भाजी वाढून घेतली.

एकदाच मी खरं बोललो. १९७५च्या जानेवारीत, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, किरकोळ रजा टाकून सकाळच्या गाडीनं औरंगाबादला गेलो. डॉक्टरांच्या दवाखान्यात नववा नंबर लागला. दोन तास बसलो. आत गेल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "ती कशी आहे?"

मी सांगितलं. मग बाकीचं सांगितलं: बुधवार, पाच रुपये, केसपेपर, न वाचलेल्या चार ओळी. कंपाउंडरला काही करू नका, असंही म्हणालो. त्यांनी मध्ये अडवलं नाही. पेन बाजूला ठेवलं होतं. माझं संपल्यावर म्हणाले, "कपाटाची किल्ली त्याच्याकडं ठेवली ही माझीही चूक. पण मला त्याची काळजी नाही. तिला वाटतंय की आपण चुकीच्या माणसावर भरवसा टाकला. म्हणजे आपल्याला माणूस ओळखता येत नाही. हे घेऊन ती आयुष्यभर चालेल. तिला सांगा."

"मला जमणार न्हाई."

"का?"

"आता ती माझ्याशी बोलून राह्यली, डॉक्टर. थोडंथोडं. ते पण जाईल."

ते म्हणाले, "तुम्ही इथं बोललात ते इथंच राहील. तिच्या बाबतीत राहणार होतं तसंच. मी तिला पत्र लिहू शकतो, पण तुमची परवानगी लागेल. देता?"

त्यांनी परवानगी न घेता लिहिलं असतं तर मी त्यांचं काय करणार होतो? ते ज्यासाठी बदनाम झाले होते ते एकदा खरंच केलं असतं, तर माझी मुलगी आज वेगळी असती. पण तो माणूस टेबलापलीकडं बसून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी मान हलवली. "कधी बदललं तर कळवा."

दहा वर्षं झाली. मी कळवलं नाही, आणि त्यांनी लिहिलं नाही.

त्या दिवशी मी उठलो आणि फी विचारली. मनात होतं की ते नको म्हणतील. औरंगाबादची फी वीस होती. वीस रुपये डॉक्टरांच्या हातात दिले. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.